बागेतल्या पक्ष्यांचे फोटो: लेन्स घेण्याआधी फांदी रोवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. नागपुरात बेसा भागात तुमचं घर आहे. मागच्या बाजूला साधारण वीस बाय पंचवीस फुटांची बाग, तीत पेरू, जास्वंद, शेवगा, कढीपत्ता. बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ रोज येतात. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे, सोबत ७०-३०० मिलिमीटरची लेन्स, आणि फोटो तुम्ही गच्चीवरून काढता. पण बुलबुल अगदीच लहान येतो, शिंजीर काळा पडतो, शिंपी हललेला असतो, आणि जो बरा येतो त्याच्या मागे शेजारच्यांची वाळत घातलेली चादर असते. एका मित्रानं १५०-६०० घ्यायला सांगितली, दुसऱ्यानं मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायला. लेन्सचा खर्च लाखाच्या घरात जातो. करावा का?

आत्ता करू नका. तुम्ही चार तक्रारी सांगितल्या, त्यातली लेन्सशी संबंधित एकच, तीही अर्धीमुर्धी. बाकीच्या तीन नव्या लेन्समधूनही तशाच दिसतील, फक्त मोठ्या होऊन दिसतील. शेजारच्यांची चादरसुद्धा.

आधी अंतराचा हिशेब करू. गच्चीच्या कठड्यापासून पेरूपर्यंत १२ मीटर धरा. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला तिथे साधारण ९४ सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो. लालबुड्या बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत २० सेंटिमीटर, म्हणजे फोटोच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्याच जागेवरून ६०० लावली तर ४७ सेंटिमीटर मावतील, तरी बुलबुल निम्म्याहून कमीच. आता तुमचीच ३०० घेऊन खाली बागेत या आणि बुलबुलापासून ४ मीटरवर बसा. चौकट ३१ सेंटिमीटरची होते आणि बुलबुल तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग व्यापतो. ३ मीटरवर तर शेपूट कापली जाईल की काय अशी धास्ती असते. लाखभर रुपये जे देणार नाहीत ते खाली उतरून आठ मीटर जवळ आल्यानं मिळतंय.

यावर तुम्ही म्हणाल की खाली गेलो की पक्षी उडतात. उडणारच. म्हणून त्यांच्या मागे जायचं नाही. फोटो जिथे चांगला येईल अशी एक जागा आपण आधी तयार करायची, तिथे उतरण्याचं कारण पक्ष्याला द्यायचं, आणि मग गप बसायचं. मी शिकवायला बसते तेव्हा पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवायला लावते. लोक नाराज होतात, पण बागेतल्या पक्ष्यांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काम कॅमेरा हातात घेण्याआधीचं असतं.

ही जागा कुठे करायची हे तुमच्या बागेच्या दिशेवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्याची आपल्याकडची चाल दोन ऋतूंत अगदी निराळी असते. डिसेंबरात तो आग्नेयेकडून उगवतो, दक्षिणेकडून फिरतो आणि भर दुपारीही ४५ अंशांच्या वर फारसा चढत नाही. मेच्या शेवटी, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा, दुपारी तो थेट डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य जितका वर असतो, तितका मे महिन्यात तो सकाळी नऊलाच आलेला असतो. म्हणून हिवाळ्यात आठपासून चारपर्यंत कधीही बसा, काहीतरी बरं हाती लागेल. मे महिन्यात मात्र सकाळी साडेपाच-पावणेसहापासून आठपर्यंत, आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात पक्ष्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि पोटाखाली काळोख असाच फोटो मिळतो, कॅमेरा कितीही महागाचा असो.

आता दिशा. बाग घराच्या दक्षिणेला असेल तर हिवाळाभर चांगला उजेड मिळेल. उत्तरेला असेल तर डिसेंबर-जानेवारीत घराची सावली बागेवर पसरलेली राहील. ती वाईट नसते, उजेड मऊ असतो, फक्त आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवावा लागतो. पूर्वेला असेल तर सकाळ तुमची, पश्चिमेला असेल तर संध्याकाळ. तुम्ही बसाल तिथे सूर्य तुमच्या पाठीमागे, थोडा खांद्याच्या बाजूला हवा. सोपी परीक्षा सांगते. बसायच्या जागेवर उभं राहा आणि स्वतःची सावली बघा. ती तुम्ही फांदी लावणार त्या दिशेनं पडत असेल, तर उजेड बरोबर आहे.

वाऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही. वारा जोराचा असला की पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, कारण पाठीमागून वारा लागला तर पिसं विस्कटतात. उतरतानाही तो वाऱ्याच्या विरुद्धच येतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा बराच वाहतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन तुम्ही पश्चिमेकडे बघत बसलात आणि वारा पश्चिमेचा असेल, तर पक्षी तुमच्याकडे पाठ करून बसणार. अशा वेळी उजेडाचा आग्रह थोडा सोडून बाजूला सरका. संध्याकाळी उलट होतं, सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीमागून येतात आणि पक्षी समोर तोंड करून उतरतो. त्यामुळे मार्च-एप्रिलची संध्याकाळ मला सकाळपेक्षा जास्त आवडते. बाकी लोक पहाटेचं इतकं कौतुक करतात, की ही वेळ बिचारी रिकामीच जाते.

तुमच्या बागेची लांबी पंचवीस फूट, म्हणजे साडेसात मीटर. मागच्या दाराजवळ तुम्ही बसलात आणि साडेतीन मीटरवर फांदी रोवली, तर तिच्यामागे चार मीटर मोकळे राहतात. ३०० मिलिमीटरला एवढ्या अंतरात मागची भिंत पार विरघळून जाते, उरतो तो फक्त तिचा रंग. तोच फोटोचा रंग. भिंत गुलाबी रंगवलेली असेल तर फोटो गुलाबी होईल. तिथे वेल चढवा, नाहीतर एखादं विटकं हिरवं लुगडं टांगा, कुणाला कळत नाही. फांदी मात्र भिंतीपासून फूट-दीड फुटावर लावू नका, नाहीतर सिमेंटचे पोपडे आणि पाण्याचे ओघळ फोटोत दिसतात.

फांदी कसली? बोरीची, बाभळीची किंवा कडुनिंबाची वाळकी, बोटाएवढी जाड. जाड फांदीवर शिंजीर बसला की खांबावर माशी बसल्यासारखा दिसतो. कुंडीत ओली वाळू आणि विटांचे तुकडे भरून ती तिरपी रोवा, जमिनीपासून तीन फुटांवर तिचं टोक येईल अशी. म्हणजे तुम्ही खुर्चीवर बसलात की पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतो. पक्ष्याच्या नजरेला नजर मिळाली की फोटो एकदम जवळचा वाटतो. गच्चीवरून पाठ आणि टाळू दिसते, जमिनीवरून झाडावर बघितलं की पोट आणि पांढरं आकाश. उपफांद्या छाटून उतरायला एकच सोयीची जागा ठेवा, पक्षी बहुतेक वेळा तिथेच येईल. दर दोन-चार दिवसांनी फांदी बदला, नाहीतर सगळे फोटो एकाच चौकटीतले वाटायला लागतात.

आता उतरण्याचं कारण. पुष्कळ लोक आधी दाणे टाकतात. माझं मत स्पष्ट आहे, शहरात सुटे दाणे टाकले की कबुतरं येतात आणि बाकीच्यांना हुसकावून लावतात. शिवाय तुम्ही नावं घेतलीत त्यातला एकही पक्षी दाण्यावर येणारा नाही. बुलबुल फळं आणि किडे खातो, शिंपी आणि दयाळ किडे, शिंजीर मधुरस आणि बारीक कोळी-किडे. चिमण्या, मुनिया हव्या असतील तर हिवाळ्यात ज्वारीचं कणीस टांगा, ते बरं. पण सगळ्यांना एकाच जागी आणणारी गोष्ट नागपुरात पाणी आहे. पारा ४५ च्या पुढे गेला की बागेतलं पाण्याचं भांडं पाणपोईच होतं.

भांडं पसरट, मातीचं आणि उथळ हवं. पाणी काठाला एखादा सेंटिमीटर आणि मध्ये चारेक सेंटिमीटर, त्यात एक खडबडीत दगड. गुळगुळीत प्लास्टिकवर पक्ष्यांचे पाय घसरतात, त्यामुळे ते टाळतात. भांडं जमिनीवर नको, विटा रचून अडीच-तीन फूट उंचीवर ठेवा. जवळच्या झुडपापासून ते दोनेक मीटर लांब असू द्या, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही आणि पक्ष्याला पळून लपायला जागाही जवळ राहील. पाणी रोज बदला आणि भांडं नारळाच्या शेंडीनं घासा. पक्ष्यांसाठी तर ते हवंच, पण साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात आणि मग शेजारी तुमच्या छंदाला नावं ठेवतात.

स्थिर पाण्यापेक्षा थेंबथेंब पडणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं. शंकराच्या पिंडीवर टांगतात तशी एक गळती भांड्यावर टांगा. मडक्याला बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात अडकवली की झालं. पुढच्या सकाळपासून फरक दिसतो. तुम्ही रोवलेली फांदी या भांड्यापासून हातभर अंतरावर असली पाहिजे. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही. आधी जवळ कुठेतरी बसतो, मांजर-शिक्रा कुणी आहे का बघतो, आणि मग खाली येतो. फोटो त्या बसण्याचा काढायचा. पाण्यातला फोटो गमतीचा असतो, पण त्यात भांड्याचा काठ येतोच.

झाडांचंही ऐकून घ्या. तुमच्याकडे शेवगा आहे, फार छान. त्याच्या फुलांवर शिंजीर येणारच, पण उंचावर. खाली आणायचा असेल तर जास्वंद. आणि जास्वंदाजवळ बसून नीट बघा. शिंजीर पुष्कळदा फुलाच्या तोंडातून रस घेत नाही. देठाकडच्या बाजूला येतो, हिरव्या वाटीला पाय रोवतो, पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसून भोक पाडतो आणि तिथून रस ओढतो. फुलावर अशी भोकं दिसली की समजायचं, हा इथे वरचेवर येतोय. म्हणजे फुलाचा सुंदर चेहरा समोर ठेवून तुम्ही बसलात, तर पक्षी फुलाच्या मागे लपतो. देठ दिसेल अशा बाजूला बसा. देठाकडच्या बाजूवर सकाळचं ऊन पडेल अशी फुलं कोणती आणि त्यातल्या कोणत्यावर भोकं आहेत, एवढं आदल्या संध्याकाळी हेरून ठेवलं तर सकाळी अर्धा तास पुरतो.

तोच शिंजीर काळा का पडतो? उन्हाळ्याच्या तोंडाशी नर पूर्ण झळाळीत येतो, जांभळा, निळा, मोरपंखी. पण हा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या उजेडाचा आहे. उजेड तुमच्या मागून, कमी उंचीवरून पडला तरच तो तुमच्याकडे परततो. सूर्य डोक्यावर किंवा पक्ष्याच्या मागे असला की तोच पक्षी कोळशासारखा. त्यात मागे पांढरं आकाश असलं की कॅमेरा आकाश सांभाळतो आणि पक्षी आणखी बुडवतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१ किंवा +१.५ केल्यानं पक्षी थोडा उजळतो, पण झळाळी येत नाही. ती फक्त कोनानं येते. आणि पावसाळा संपताना तुमचा शिंजीर पिवळट पोटाचा आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकच गडद रेघ असलेला दिसला, तर दुसरा पक्षी समजू नका. नर त्या काळात असाच साधा होतो.

दयाळची अडचण उलटी आहे. काळा आणि पांढरा एकाच अंगावर. इथे पांढरा सांभाळा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू करा आणि पंखावरची पांढरी पट्टी लुकलुकणार नाही एवढा उजेड घ्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलं असेल तर काळ्या भागातला तपशील नंतर काढता येतो, जळलेला पांढरा परत येत नाही. दयाळला खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे वाफा खुरपणं. माती उलटी केली की किडे वर येतात आणि हा शेपूट उभारून हजर. मार्च ते जून तो पहाटे टीव्हीच्या छत्रीवर बसून गातो, त्या फोटोच्या नादात गच्चीवर परत जाऊ नका.

शिंपी फांदीवर पोझ देणारा पक्षीच नाही. एवढासा जीव आणि आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. तो कढीपत्त्यासारख्या दाट, बुटक्या झुडपातून टुणटुण फिरतो. त्याच्या मागे लेन्स फिरवलीत की हललेलेच फोटो मिळणार. उन्हाळ्यात सकाळी झुडपाच्या पानांवर पाण्याचा फवारा मारा. लहान पक्ष्यांना ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करायला आवडतं, शिंजीर आणि चष्मेवाला तर हमखास येतात. झुडपाची एक कड आधीच फोकस करून ठेवा आणि शिंपी त्या कडेला आला की बटन दाबा. शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली नको. तुमचा शिंपी हलतो याचं कारण हाताची थरथर नाही, तोच हलतोय. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, पक्ष्याला नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक त्यातच अडकून राहतात. बसलेल्या बुलबुलाला १/५०० पुरतं, चुळबुळ करणाऱ्या लहान पक्ष्यांना १/१६००, उडतानाचा हवा असेल तर १/२५०० आणि भरपूर नशीब. आयएसओ १६०० ला घाबरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो चालतो, गुळगुळीत पण हललेला चालत नाही. फोकस सतत चालणारा ठेवा आणि एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरा. ३०० मिलिमीटरला, एफ ५.६ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तर छिद्र लहान), ३ मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम २ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, एफ ८ केलं तर ३ सेंटिमीटर. फोकस छातीवर गेला की डोळा हुकला. त्यामुळे पक्षी आडवा वळून बसेल तेव्हा काढा, चोच, डोळा आणि पंख तिन्ही त्या पट्ट्यात बसतात. एका वेळी चार-पाच फोटो सलग काढा, कारण पक्ष्यांना तिसरी पापणी असते आणि ती मिटली की डोळा दुधाळ, आंधळ्यासारखा दिसतो. घरी गेल्यावरच कळतं. आणि पक्षी शिटला की तयार राहा, बरेचदा तो लगेच उडतो.

तर इथवरचं सगळं एका दमात असं: सूर्य पाठीमागे, साडेतीन-चार मीटरवर फांदी, तिच्यामागे मोकळी जागा आणि फांदीजवळ पाणी. हे जुळेपर्यंत बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

बसायचं कसं? पक्ष्यांना माणसाच्या आकारापेक्षा हालचालीची भीती जास्त. सुरुवातीला काही दिवस कॅमेरा न घेता त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला चहा पीत बसा. बुलबुल आणि दयाळ आठवड्याभरात तुम्हाला बागेतलं सामान समजू लागतात. कॅमेरा ट्रायपॉडवर आधीच फांदीकडे रोखलेला असला की हात उचलावा लागत नाही. आडोसा हवाच असेल तर नागपुरात तो स्वस्तात मिळतो. उन्हाळ्यात चौकातल्या सिग्नलवर बांधतात तीच हिरवी जाळी तुमच्यापुढे बांधा आणि लेन्सपुरतं भोक पाडा. पण ती जाळी झाडांवर किंवा पाण्यावर ताणू नका. तिच्यातून आलेला उजेड हिरवा असतो, मग बुलबुलाच्या शेपटीचं पांढरं टोकही शेवाळलेलं दिसतं आणि संगणकावर ते धड निघत नाही.

काही जण घरातूनच, खिडकीतून काढतात. कल्पना चांगली आहे, घर म्हणजे आयता आडोसा. पण काचेतून नको, डासांच्या जाळीतून तर मुळीच नको. जाळी सरकवा आणि लेन्स ग्रिलच्या गजांमधून पुढे काढा. उन्हाळ्यात यात एक नागपुरी घोळ होतो. खोलीत कूलर चालू असतो आणि त्याची गार, दमट हवा तुमच्या उघड्या खिडकीतूनच बाहेर पडते. ही हवा बाहेरच्या ४४ अंशांच्या हवेत मिसळते ती थेट लेन्सच्या तोंडासमोर. नजरेला काही दिसत नाही, पण फोटो मऊ, पाण्याखालून काढल्यासारखा येतो. लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात! कूलर बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग काढा. गच्चीवरून दुपारी काढलेले फोटो अस्पष्ट येण्याचं कारणही हेच, तापलेल्या स्लॅबवरची थरथरणारी हवा. सहाशेच्या लेन्सला ती थरथर आणखी मोठी दिसते.

कूलरचाच दुसरा त्रास बुरशीचा. दमट खोलीत आणि पुढे पावसाळ्यात लेन्सच्या आत जाळं धरतं. हवाबंद डबा, डाळीचा चालेल, आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. पावसाळा फोटोसाठी मात्र चुकवू नका. ढगाळ दिवशी सावल्या तुटक पडत नाहीत, मागची हिरवळ आयती मिळते आणि दिवसभर कधीही बसता येतं.

आता त्या आवाज लावण्याबद्दल. नका लावू. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, पिल्लांचं भरवणं सोडून भांडायला येतो, आणि हा शत्रू सापडतच नाही. आपल्या ४५ अंशांत अशी वणवण लहान पक्ष्याला परवडणारी नाही. शिवाय फोटोही चांगला मिळत नाही, पिसं फुलवलेला, तणावातला पक्षी दर वेळी त्याच आविर्भावात दिसतो.

घरट्याबाबत मी याहून कडक आहे. तुमच्या बागेत शिंपी आहे, तर एक दिवस पानं शिवलेलं घरटं सापडेलच. फोटोसाठी आजूबाजूची पानं बाजूला करू नका, फांदी बांधून ठेवू नका. त्या पानांची सावली गेली तर मे महिन्याच्या उन्हात पिल्लं तासाभरातही दगावू शकतात, आणि तुम्ही वारंवार तिथे घुटमळलात की कावळा आणि भारद्वाज यांना पत्ता कळतो. फ्लॅश तर नकोच. घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि शिकायला येणाऱ्यांनी दाखवले तर त्यावर बोलतही नाही.

लेन्सकडे परत येते. हिवाळ्यात काळा थिरथिरा, लालकंठी माशीमार, धोबी असे पाहुणे येतात, ऊन दिवसभर बरं असतं. हा एक हिवाळा आहे त्याच लेन्सवर काढा. त्यानंतर तुम्हाला बागेबाहेर जावंसं वाटू लागेल, महाराजबागेतले राखी धनेश, अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या तलावांवरचे पाणपक्षी, उंच शेंड्यावरचा हळद्या. हे तुमच्या फांदीवर येणार नाहीत आणि तुम्हाला चार मीटरपर्यंत येऊ देणार नाहीत. तिथे १५०-६०० खरंच लागते. बागेत मात्र ती उलट अडचण करते, दोन-अडीच मीटरच्या आत तिचा फोकस लागत नाही आणि वजन दोन किलोच्या आसपास.

घ्यायचीच ठरली तर आधी एखाद्या शनिवार-रविवारी भाड्यानं आणा आणि अंबाझरीच्या काठावर सकाळभर हातात धरून फिरा. तासाभरानं खांदा काय म्हणतो ते कळेल. आणि बजेट करताना चांगल्या ट्रायपॉडचे किंवा मोनोपॉडचे पैसे त्यातच धरा, कारण त्याशिवाय ती लेन्स कपाटातच राहते. बागेची दिशा आणि भिंतीचा रंग कळवलात, तर फांदी नेमकी कुठल्या कोपऱ्यात रोवायची तेही सांगता येईल.